घरात पेशंट अन् दारात गोठा : गाय विकायची गरज नाही, पण कामं वाटून घ्या

बारामती/इंदापूर : घरात कुणाचं डायलिसिस सुरू झालं, केमो लागली किंवा किडनी बदलली, की भेटायला येणाऱ्या पाहुण्यांचे दोन सल्ले ठरलेले असतात. एक म्हणतो, "आता जनावरं काढून टाका, त्यांच्यामुळं इन्फेक्शन होतं." दुसरा म्हणतो, "घरचं धारोष्ण दूध पाजा, अंगात ताकद येईल." पहिला सल्ला ऐकला तर घरचं उत्पन्न जातं. दुसरा ऐकला तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. खरं उत्तर या दोन्हींच्या मधलं आहे : जनावरं राहू द्यावीत, पण गोठ्यातली ठरावीक कामं पेशंटच्या हातून काढून घ्यावीत आणि दूध उकळल्याशिवाय त्याच्या तोंडाला लावू नये.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि चारा आला, तशा दोन्ही तालुक्यांत संकरित गायी वाढल्या. बागायती पट्ट्यात दारात गोठा नाही अशी घरं कमी. जिरायती भागात शेळ्या-मेंढ्या आहेत. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर किराणा, शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च चालतो. त्यामुळं "जनावरं विका" म्हणणं सोपं, करणं अवघड. आणि बहुतेक आजारांत त्याची गरजही नसते.

प्रतिकारशक्ती कमी म्हणजे नेमकी कुणाची?

शरीरात शिरलेल्या जंतूंशी लढणारी यंत्रणा म्हणजे प्रतिकारशक्ती. ती आजाराने कमी होते, तशी औषधानेही होते. गावात असे पेशंट वाटतात त्यापेक्षा जास्त असतात :

- कॅन्सरसाठी केमोथेरपी घेणारे
- किडनी किंवा दुसरा अवयव बदललेले. त्यांना शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात
- डायलिसिसवर असलेले
- शुगर बरेच दिवस ताब्यात नसलेले
- एचआयव्ही असलेले, विशेषतः ज्यांचे उपचार सुरू नाहीत किंवा मध्येच सुटले आहेत
- संधिवात, दमा, त्वचेचे आजार यासाठी महिनोन् महिने स्टेरॉइड घेणारे
- अपघातात किंवा आजारात प्लीहा काढून टाकलेले
- दारूमुळं लिव्हर खराब झालेले

गरोदर बाया, पाच वर्षांच्या आतली पोरं आणि वयस्कर माणसं आजारी नसली, तरी यातल्या काही जंतूंच्या बाबतीत त्यांनाही जास्त जपावं लागतं.

यातली एक गोष्ट लपलेली राहते. गुडघेदुखीसाठी कुठून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या किंवा गोळ्या अनेक जण वर्षानुवर्षं खातात. "खाल्ली की लगेच आराम पडतो" अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आपली प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, हे त्या माणसाला माहीतच नसतं. अशी पुडी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी. मात्र बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नये, त्याने तब्येत अचानक बिघडू शकते.

प्रतिकारशक्ती घटली की काय होतं, हे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळ्यांनी पाहिलं. काळ्या बुरशीचे कण माती, कुजका पाला, शेणखत यांत कायमच असतात. धडधाकट माणूस ते रोज श्वासातून घेतो, त्याला काही होत नाही. पण वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड एकत्र आले, तेव्हा त्याच बुरशीने अनेकांचे डोळे आणि जबडे घेतले. बुरशी नवी नव्हती, शरीराची राखण ढिली पडली होती. गोठ्यातल्या जंतूंचंही असंच आहे.

सगळ्यात आधी नाव घ्यावं ते ब्रुसेलोसिसचं

गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांतून माणसाला होणाऱ्या आजारांत दूधवाल्या भागासाठी महत्त्वाचा आजार म्हणजे ब्रुसेलोसिस. पशुवैद्यकीय भाषेत त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, नंतर उलटत राहते, अशी त्याची खूण. जंतू सगळ्यात जास्त असतात ते टाकलेल्या गाभात, वारीत, व्यायल्यावर जाणाऱ्या घाणीत. दुधातूनही ते बाहेर पडतात.

फसगत इथंच होते. ब्रुसेला झालेली गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला वासरू नीट होतं, गाय दूधही देते, दिसायला ठणठणीत असते. घरच्यांना वाटतं रोग गेला. पण जंतू तिच्या कासेत आणि गर्भाशयात राहू शकतात आणि दर वेताला बाहेर पडत राहतात.

दिसायला चांगलं जनावर रोग पसरवू शकतं, हे जगाला कळलं ते माल्टा नावाच्या बेटावर. तिथं इंग्रजांच्या फौजेतल्या शिपायांना महिनोन् महिने ताप यायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. त्याच्याच नावावरून ब्रुसेला हे नाव पडलं. पण तो येतो कुठून, हे कळायला आणखी १८ वर्षं गेली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या तिथल्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा काहीही आजार दिसत नसलेल्या शेळ्यांत तो रोग सापडला. १९०६ मध्ये फौजेच्या जेवणातून शेळीचं दूध काढून टाकलं आणि शिपायांचा ताप झपाट्याने कमी झाला. नवं औषध नाही, लस नाही. फक्त कच्चं दूध थांबलं.

धारोष्ण दूध, चीक आणि शेळीचं दूध

धार काढली की गरम फेसाळ दुधाचा पेला आजारी माणसाला द्यायची पद्धत जुनी आहे. त्यामागची माया खरी आहे. पण धारेचं दूध गरम लागतं ते गायीच्या अंगाच्या उबेने. त्या उबेने जंतू मरत नाहीत, उलट जगतात. ब्रुसेला आणि जनावरांचा टीबी हे दोन्ही कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतात. जुलाब लावणारे जंतूही कच्च्या दुधात असू शकतात.

आणखी एक गैरसमज डेअरीच्या कूलरचा आहे. संकलन केंद्रावरच्या कूलरमध्ये दूध थंड होतं. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. केंद्रावरून घरी आणलेलं सुटं दूधही कच्चंच असतं. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध वेगळं. ते ७२ अंशांपर्यंत किमान १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं. घरी एवढं मोजत बसायची गरज नाही. दूध वर येईपर्यंत नीट उकळलं, मध्ये हलवलं, की काम झालं. त्याने दुधातली ताकद निघून जात नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम तसंच राहतं.

गाय व्यायली की शेजारी चीक वाटायची रीत आहे. व्यायल्यानंतरच्या दिवसांतच जंतू जास्त बाहेर पडतात, म्हणून चीक जपून हाताळावा. खरवस आतपर्यंत नीट वाफवलेला असेल तर खायला हरकत नाही. पण कच्चा चीक चाखून बघणं, किंवा शेजारच्या घरात पेशंट आहे हे माहीत असताना "ताकदीचा असतो" म्हणून तसाच पाजणं टाळावं.

डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट वाढतात म्हणून शेळीच्या दुधाला एकदम भाव येतो. प्लेटलेट वाढवणारं औषध म्हणून डॉक्टर ते देत नाहीत. प्यायचंच असेल तर उकळून प्यावं. शेळ्या-मेंढ्यांत आढळणारी ब्रुसेलाची जात माणसाला जास्त त्रास देणारी आहे, आणि माल्टाचा ताप तिचाच होता.

गोमूत्र पिण्याबाबतही प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये. श्रद्धेचा मान ठेवून एवढंच सांगता येईल, की बाधित जनावराच्या लघवीतून लेप्टोस्पायरासारखे जंतू बाहेर पडतात.

वार वडाला टांगू नका, कुत्र्यांपुढंही टाकू नका

गाय अडली की घरचंच माणूस हात घालून वासरू ओढतं. वार अडकली की हातानेच काढली जाते. पडलेली वार कुठं उकिरड्यावर जाते, कुठं ओढ्याला. काही ठिकाणी दूध वाढावं म्हणून ती पोत्यात घालून वडाच्या झाडाला टांगतात. तिथून कुत्री, कावळे ती ओढून दुसऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेतात. ओल्या, सावलीच्या जागी हे जंतू बरेच दिवस तग धरतात. उन्हाने आणि वाळल्याने लवकर मरतात.

ज्या घरात प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस आहे, तिथं हा नियम पक्का करावा : बाळंत होणारी गाय, गाभडलेली गाय आणि वार, या तिन्हींपासून पेशंट लांब. काम करणाऱ्या धडधाकट माणसानेही कोपरापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे घालावेत. कृत्रिम रेतनाला डॉक्टर वापरतात तसले हातमोजे मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. तोंडाला रुमाल बांधावा, कारण हे जंतू श्वासातून आणि डोळ्यांतूनही शिरतात. वार आणि टाकलेला गाभ कमरेइतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. जागेवर चुना किंवा जंतुनाशक टाकावं. भिजलेले कपडे पेशंटच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळे गरम पाण्यात धुवावेत.

ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना गोठ्याचं सांगा

माणसातला ब्रुसेलोसिस ओळखायला अवघड असतो. जंतू शिरल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी त्रास सुरू होतो. ताप येतो-जातो, संध्याकाळी वाढतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं. सांधे आणि कंबर धरते, भूक जाते, वजन उतरतं, अंगात जीव राहत नाही. पुरुषांत अंडकोष सुजू शकतो. ही सगळी लक्षणं टीबीशी, टायफॉइडशी आणि साध्या अशक्तपणाशी मिळतीजुळती आहेत. केमो किंवा डायलिसिसच्या पेशंटला तर "उपचारामुळंच होत असेल" असं वाटून जातं.

म्हणून डॉक्टरांना न विचारता सांगायची गोष्ट ही : "आमच्या घरी जनावरं आहेत. मागच्या दोन-तीन महिन्यांत एक गाय गाभडली होती. कच्चं दूध पोटात गेलं आहे." शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर गोठ्याबद्दल विचारतीलच असं नाही. ही तीन वाक्यं सांगितली की ब्रुसेलाची रक्ततपासणी करायची का, हे त्यांना लगेच ठरवता येतं.

आजार बरा होतो. पण साधारण दोन औषधं एकत्र, सहा आठवडे घ्यावी लागतात. आठ दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या की तो उलटतो. किडनीच्या पेशंटला आणि किडनी बदललेल्यांना औषधाचा डोस वेगळा लागू शकतो, कारण यातली काही औषधं आधीच्या गोळ्यांशी जुळत नाहीत. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. माणसासाठी या आजाराची लस आपल्याकडं नाही. जपणं हाच उपाय.

लहान वासरं, जखमा आणि गोठ्यातलं पाणी

महिन्याच्या आतल्या वासराला पातळ हगवण लागली, तर त्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी असू शकतो. धडधाकट माणसाला त्याने आठ-पंधरा दिवस जुलाब होऊन थांबतात. एचआयव्हीचे उपचार सुटलेल्या किंवा अवयव बदललेल्या माणसाला ते महिनोन् महिने थांबत नाहीत, माणूस वाळून जातो. टीसीएल पावडरने हा परजीवी नीट मरत नाही, पाणी उकळल्याने मरतो. अशा पेशंटने हगवण लागलेल्या वासराला बाटलीने दूध पाजू नये, त्याचं अंग पुसू नये, आणि स्वतः उकळलेलं पाणी प्यावं.

शुगरच्या माणसाचा धोका पायात असतो. पायाची जाणीव कमी झालेली असते, चप्पल न घालता गोठ्यात फिरताना खिळा-काटा लागलेला कळत नाही. शेण-मुताचा चिखल त्या जखमेत जातो, पाय सुजतो आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिसही अशाच जखमेतून शिरतो. उसात, चाऱ्याच्या गंजीत उंदीर असतातच. मुंबईत २००५ च्या पुरानंतर या आजाराची मोठी साथ आली होती. पावसाळ्यात जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं किंवा कावीळ दिसली तर थांबू नये. लवकर औषध मिळालं तर आजार आटोक्यात येतो. शुगरच्या पेशंटने गोठ्यात गमबूट घालावेत आणि रोज रात्री तळपाय उजेडात बघावेत.

वासराच्या अंगावर गोल, केस गेलेले पांढुरके चट्टे असतील तर ते गजकर्ण असतं. ते माणसालाही होतं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ते पसरतं आणि लवकर हटत नाही.

शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, कबुतरं, मांजरं

करडांच्या आणि कोकरांच्या ओठांवर खपल्या धरणारा मावा हा रोग हाताळणाऱ्याच्या बोटांना होतो. साध्या माणसाचा फोड महिना-दीड महिन्यात आपोआप बरा होतो. प्रतिकारशक्ती कमी असेल तर तो मोठा होत जातो. म्हशींच्या कासेवरचे देवीसारखे फोडही धार काढणाऱ्याच्या हाताला लागतात. काही वर्षांपूर्वी सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत अशी साथ माणसांत आणि म्हशींत एकाच वेळी दिसली होती. अशा वेळी हातमोज्याशिवाय धार काढू नये.

कोंबड्यांच्या आतड्यात साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू असतात. पुण्यात सिंहगड रस्ता भागात २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता. तिथं दूषित पाण्यावर मुख्य संशय होता. यातून घ्यायचं ते एवढंच : पेशंटने कच्चं चिकन धुवू-कापू नये, अर्धकच्चं अंडं खाऊ नये, खुराडं साफ करू नये. नीट शिजलेलं चिकन आणि उकडलेली अंडी खायला हरकत नाही, उलट डॉक्टरच ती सांगतात.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी फुप्फुसात जाते आणि कमजोर माणसाच्या मेंदूपर्यंत पोचते. माळा, पोटमाळा झाडायचं काम पेशंटला देऊ नये. दुसऱ्यानेही आधी पाणी शिंपडून मगच झाडावं. मांजर अंगाखांद्यावर खेळल्याने फारसं काही होत नाही. धोका आहे तो तिच्या विष्ठेतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माचा. गरोदर बाई आणि एचआयव्हीचा पेशंट यांनी मांजराची घाण काढू नये, मातीत काम केल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मटण पूर्ण शिजवून खावं.

भिगवण, कुंभारगावकडं उजनीच्या पाण्यावर दर हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी येतात. त्यांना लांबून बघण्यात कसलाच धोका नाही. मात्र तिथं किंवा पोल्ट्रीत बरेच पक्षी एकदम मेलेले दिसले तर हात लावू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. राज्यात पोल्ट्रीतला बर्ड फ्लू २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आला, तेव्हापासून हा नियम आहे.

कुत्रं चावलं तर डॉक्टरांना आपला आजार आधी सांगा

रेबीज सगळ्यांनाच मारतो, कमजोर असो वा पैलवान. पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. लस टोचली तरी त्यांच्या शरीरात संरक्षण पुरेसं तयार होईलच याची खात्री नसते. म्हणून साध्या माणसाला नुसती लस पुरते अशा, रक्त न आलेल्या ओरखड्यालाही त्यांना लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन लागतं. केमो, एचआयव्ही, किडनी बदललेली, स्टेरॉइड, जे असेल ते चावल्या दिवशीच डॉक्टरांना सांगावं. किती डोस आणि कसे, हे ते ठरवतात. एकही डोस चुकवू नये. ही लस मेलेल्या विषाणूची असते, त्यामुळं अशा पेशंटलाही ती चालते.

जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी : गाय-म्हैस लाळ गाळते, घशात काही अडकल्यासारखं करते, आवाज बदलतो, तेव्हा घरचं माणूस तोंडात हात घालून बघतं. तो रेबीज असू शकतो. हात घालू नये, डॉक्टरांना बोलवावं.

लम्पीचं भय नको

लम्पीने २०२२ मध्ये राज्यभर गायी-बैल घेतले, तेव्हा अनेकांनी दूधही सोडलं होतं. लम्पी माणसाला होत नाही, कमजोर माणसालाही नाही. उकळलेलं दूध तेव्हाही चालत होतं, आजही चालतं. लाळ्या-खुरकताचंही माणसाला घाबरण्यासारखं काही नाही. धोका कुठं आहे हे कळलं, की जिथं नाही तिथलं भय आपोआप जातं.

कामं कशी वाटायची?

अडचण इथं येते. गोठ्यातलं शेण-घाण, धारा, वासरं ही कामं बहुतेक घरांत बायकांकडं असतात. पेशंट घरचा कर्ता पुरुष असेल तर त्याला खाटेवर बसवलं जातं. पेशंट घरची बाई असेल, तर केमोच्या चौथ्या दिवशी ती पुन्हा शेणाला लागलेली असते, कारण ते काम दुसऱ्या कुणाचं नाहीच असं धरलेलं असतं. खाली दिलेली वाटणी घरात सगळ्यांनी बसून ठरवावी, पेशंटवर सोडू नये.

पेशंटने करू नयेत अशी कामं :
- गाय व्यायला लावणं, वार काढणं, गाभडलेल्या जनावराची साफसफाई
- शेण काढणं, गोठा झाडणं, वाळलेलं शेणखत उकरणं किंवा भरणं
- हगवण लागलेल्या, चट्टे-फोड असलेल्या जनावरांना हात लावणं
- कातडी सोलणं, कच्चं मटण-चिकन कापणं
- वासरांना ब्रुसेलाची लस टोचताना त्यांना धरणं. ही लस जिवंत जंतूची असते, सुई चुकून माणसाला लागली तर त्यालाच आजार होऊ शकतो. तसं कुणालाही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा

डॉक्टरांची हरकत नसेल तर पेशंट करू शकेल अशी कामं :
- दुधाचा हिशोब, डेअरीची पावती, रेतन-लसीच्या तारखा लिहिणं
- पेंड, चारा, औषधं यांची खरेदी, फोनाफोनी
- निरोगी, मोठ्या जनावरांवर लांबून लक्ष ठेवणं, ओला चारा पुढं टाकणं. कुजलेला, बुरशी आलेला चारा मात्र हाताळू नये

निरोगी गायीच्या पाठीवरून हात फिरवला तर आभाळ कोसळत नाही. त्यानंतर साबणाने हात धुवावेत, तेवढं पुरे. केमोत पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या असतील किंवा अवयव बदलून थोडेच महिने झाले असतील, तर त्या काळात मात्र गोठा पूर्ण बंद. हा काळ किती, ते आपल्या डॉक्टरांना विचारावं.

गोठाच सुरक्षित केला तर

पेशंटला जपण्याचा पक्का रस्ता गोठ्यातूनच जातो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस दिली जाते. आयुष्यात एकदाच टोचायची असते. फक्त माद्यांना देतात, गाभण जनावराला देत नाहीत. वय निघून गेलं की संधी गेली. कालवड चार महिन्यांची झाली, की पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव सांगून ठेवावं.

काष्टीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारातून गाय आणली, तर दावणीला बांधायच्या आधी तिचं रक्त तपासून घ्यावं आणि तोपर्यंत तिला वेगळी ठेवावी. गाभडलेली म्हणून स्वस्तात मिळालेली गाय सगळ्यात महाग पडू शकते. जनावरांच्या ब्रुसेलाला खात्रीचं औषध नाही, म्हणून बाधित गाय दुसऱ्याच्या गळ्यात घालणं म्हणजे रोग त्याच्या घरात पाठवणं. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांमार्फत तिथं नमुने पाठवता येतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे.

डायलिसिसची पुढची पाळी, केमोचं पुढचं चक्र किंवा शुगरची पुढची तपासणी ज्या दिवशी असेल, त्या दिवशी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून याव्यात. आमच्या घरी जनावरं आहेत, गोठ्यात किती जायचं? आम्हाला कोणत्या लशी घेता येतील? आणि किती ताप आला की वाट न बघता यायचं? केमोच्या पेशंटला १००.४ अंश फॅरनहाइटचा ताप म्हणजे त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना. थर्मामीटर घरात नसेल तर आजच आणावा.